वर्कशॉप मस्त होतं पण पुढे काहीच होत नाही: दर वेळी नेमकं कुठे अडतं ते कसं शोधायचं

प्रॉब्लेम एकदाच आला असता तर लिहिलं नसतं, पण तो परत परत येतो. नव्या आयडिया काढायला टीमला अर्धा दिवस एकत्र बसवायचं, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लागतात, फोटो निघतात, जाताना सगळे म्हणतात छान झालं, आणि तीन आठवड्यांनी कुणाला विचारलं की त्यातलं काय सुरू झालं तर कुणालाच सांगता येत नाही. सहा महिन्यांनी परत वर्कशॉप आणि भिंतीवर जवळपास त्याच चिठ्ठ्या.

मी बरीच वर्षं टीमसाठी अशी वर्कशॉप्स घेतेय. सुरुवातीला दर वेळी मी पद्धतच बदलायचे, नवा खेळ, नवं टेम्प्लेट, नवा ऑनलाइन बोर्ड, आणि निकाल तोच. खूप उशिरा लक्षात आलं की बिघाड पद्धतीत फार क्वचित असतो, तो बहुतेक वेळा तीन जागांपैकी एका जागी असतो: आपण विचारलेला प्रश्न, कोण कधी बोलतं तो क्रम, आणि वर्कशॉप संपल्यावर काम कुणाकडे जातं ते. त्यामुळे पुढचं वर्कशॉप ठरवायच्या आधी हे तपासा, नाहीतर परत दिवस वाया जाणार.

आधी मागचे फोटो उघडा

मागच्या वर्कशॉपच्या भिंतीचा फोटो कुठेतरी पडलेला असतोच. तो उघडा आणि तीन गोष्टी बघा.

एक, त्या दिवशी खोलीत नसलेल्या माणसाला फक्त चिठ्ठ्या दाखवल्या तर प्रश्न काय होता हे त्याला ओळखता येईल का? ‘कम्युनिकेशन सुधारा’, ‘प्रोसेस सोपी करा’, ‘एआय वापरा’ अशा चिठ्ठ्या असतील तर त्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर होऊ शकतात, म्हणजे प्रश्नच ढिला होता. दोन, अक्षर बघा. बारा जण होते आणि निम्म्या चिठ्ठ्या तिघांच्याच अक्षरात असतील तर प्रॉब्लेम बोलण्याच्या क्रमात आहे. तीन, ज्या चिठ्ठीला सगळ्यात जास्त मतं पडली तिच्यावर कुणाचं नाव आणि तारीख आहे का. नसेल तर बाकी सगळं उत्तम झालं असतं तरी काही घडणार नव्हतं.

पाच मिनिटांचं काम आहे, पण ‘आपली टीम क्रिएटिव्ह नाही’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला सांगते, कारण ते वाक्य मला आजवर एकदाही खरं वाटलेलं नाही.

प्रश्न ढिला असेल तर

‘ग्राहकांचा अनुभव कसा सुधारता येईल’ हा प्रश्न इतका मोठा आहे की प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यातलं काहीतरी लिहितो आणि शेवटी कशाचीच कशाशी तुलना करता येत नाही. याच्या उलट ‘ॲपमध्ये चॅटबॉट कसा टाकायचा’ हा प्रश्न इतका बारीक की उत्तर त्यातच दडलंय, उरलेला दिवस लोक फक्त बटण कुठे असावं यावर बोलणार.

यावर एक जुना किस्सा आहे, तो मी प्रश्न ठरवताना मॅनेजर लोकांना सांगते. १९७० च्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बलमधली एक टीम प्रतिस्पर्धी कंपनीच्या हिरव्या पट्ट्यांच्या साबणाला टक्कर द्यायला झगडत होती आणि त्यांचा प्रश्न होता की आपला हिरव्या पट्ट्यांचा साबण त्यांच्यापेक्षा चांगला कसा करायचा. त्याच कंपनीत काम करणाऱ्या मिन बासादुर यांनी त्यांना प्रश्नच बदलायला लावला: जास्त ताजंतवानं वाटेल असा साबण आपल्याला कसा करता येईल? पट्टे बाजूला पडले, समुद्र आणि किनाऱ्याची कल्पना पुढे आली आणि त्यातून कोस्ट नावाचा साबण आला. टीम तीच होती, माणसं तीच होती.

आपला प्रश्न बरोबर आहे का हे बघायला मी एक साधी चाचणी करते. वर्कशॉपच्या दोन दिवस आधी एकटीने बसून दहा मिनिटांत त्या प्रश्नाची पाच उत्तरं लिहून काढते. पाचही उत्तरं वेगवेगळ्या डिपार्टमेंटची कामं निघाली तर प्रश्न फार मोठा आहे, आणि पाचही एकाच गोष्टीची थोडी वेगळी रूपं निघाली तर फार बारीक. ‘नवीन युजर पहिल्याच आठवड्यात वापर सोडून देतात, ते टिकावेत म्हणून आपल्याला काय करता येईल’ असा प्रश्न मला चालतो. त्यात माणूस कोण ते आहे, वेळ आहे, आणि उत्तर मोकळं आहे.

आणि प्रश्नाबरोबर पुरावा आणा. खऱ्या तक्रारी, खऱ्या कॉलमधली वाक्यं, एक पानभर आकडे. हे पान आधी मेल करून कुणी वाचत नाही हे गृहीत धरा, लोकांची चूक नाही, त्यांना त्यांची कामं असतात. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी खोलीत बसून गुपचूप वाचायचं. मग प्रत्येकाने एका चिठ्ठीवर या प्रश्नाबद्दल फक्त आपल्यालाच माहीत असेल अशी एक गोष्ट लिहायची. हे मी का करून घेते? गॅरॉल्ड स्टेसर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं होतं की गट एकत्र बसला की चर्चा सगळ्यांना आधीपासून माहीत असलेल्या गोष्टींभोवतीच फिरते, एकट्यादुकट्याकडची माहिती टेबलावर येतच नाही. सपोर्टला बसणाऱ्या माणसाला रोज जे ऐकू येतं ते डिझाइन करणाऱ्याला माहीतच नसतं, आणि ते मुद्दाम विचारल्याशिवाय बाहेर पडत नाही. माझ्या अनुभवात उपयोगाच्या निम्म्या आयडिया या चिठ्ठीतूनच सुरू झाल्यात.

तेच तिघं बोलत असतील तर

हा सगळ्यात कॉमन बिघाड आणि यावर उपायही सगळ्यात पक्का आहे, तरी लोक करत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण गप्प बसलेल्या माणसांकडे काही नाही असा समज होऊन बसतो.

ब्रेनस्टॉर्मिंग ही कल्पना जाहिरात क्षेत्रातल्या ॲलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९४० च्या दशकात लोकांपुढे आणली. टीका थांबवा, भरपूर आयडिया काढा, अचाट आयडियांचं स्वागत करा, एकमेकांच्या आयडियांवर भर घाला, हे चार नियम आजही भिंतीवर लावलेले दिसतात. पण १९५८ मध्येच येल विद्यापीठातल्या अभ्यासात चार जणांचा एकत्र बसलेला गट आणि वेगवेगळं बसून काम केलेले चार जण यांची तुलना झाली, आणि वेगळं बसलेल्यांच्या आयडिया एकत्र करून, सारख्या आलेल्या एकदाच धरून मोजल्या तरी त्या जवळपास दुप्पट भरल्या. १९८७ मध्ये मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी कारण तपासलं तर मुख्य अडचण निघाली ती पाळीची. एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत आयडिया डोक्यात धरून बसतात, तेवढ्यात ती विसरतात किंवा आता नको बोलायला म्हणून सोडून देतात. म्हणजे लाजाळू माणसं हा मूळ प्रॉब्लेम नाहीच, रांग हा प्रॉब्लेम आहे.

म्हणून आधी लिहायचं, मग बोलायचं. माझ्याकडे यात अपवाद नाही.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे ६-३-५, जो बर्न्ड रोरबाख यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत मांडला. सहा जण, प्रत्येकाने आपल्या कागदावर तीन आयडिया, पाच मिनिटं, मग कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि शेजाऱ्याने वरचं वाचून खाली आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ आयडिया होतात. माझा अनुभव असा की सहा फेऱ्या पूर्ण करायच्या मागे लागू नका, चौथ्या फेरीनंतर लोक नुसतं आकडा भरायला लिहितात, आणि जसजसा कागद भरतो तसा वाचायलाच वेळ लागतो म्हणून तिसऱ्या फेरीपासून पाचाऐवजी सात मिनिटं द्या. टीम मोठी असेल तर सहा सहाचे गट पाडा. एखाद्याला लिहायचा कंटाळा असेल तर चित्र काढू दे, काही फरक पडत नाही.

आता साहेब लोकांचा विषय. एका ठिकाणी सुरू होऊन सात मिनिटंही झाली नव्हती, एका मुलीने आयडिया सांगितली आणि मॅनेजर अगदी सहज, चांगल्या हेतूने म्हणाले, ‘हे आपण आधी करून पाहिलंय.’ त्यानंतर दोन तास त्या खोलीत मॅनेजरना आवडेल असंच सगळं लिहिलं गेलं. चूक माझी होती, कारण मी त्यांच्याशी आधी बोललेच नव्हते. तेव्हापासून मी आदल्या दिवशी जाऊन भेटते आणि सरळ सांगते, ‘सर, सुरुवातीला हा प्रश्न आपल्यासाठी का महत्त्वाचा आहे ते तुम्ही दोन मिनिटांत सांगा, मग मतदान होईपर्यंत कुठल्याही आयडियाबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच बोलू नका, तुमचं मत आम्हाला हवंय पण सगळ्यात शेवटी हवंय.’ ‘चांगलं सुद्धा बोलू नका’ हा भाग मुद्दाम सांगावा लागतो, कारण ‘वा, मस्त’ म्हटलं की सगळी खोली त्याच दिशेने वळते. आजवर कुणी याला नकार दिलेला नाही, बहुतेकांना उलट बरं वाटतं की आपण नेमकं काय करायचं ते कुणीतरी सांगितलं.

आणि ‘आधी करून पाहिलंय’ हे वाक्य दाबू नका, त्यात माहिती असते. त्यासाठी भिंतीवर एक वेगळा कोपरा ठेवा आणि त्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायला लावा: कधी केलं होतं, नेमकं कुठे फसलं, आणि तेव्हापासून काय बदललंय. तिसऱ्या ओळीत काही आलं तर आयडिया जिवंत आहे.

गट एका दिशेने वाहत जातो त्याबद्दल अजून एक. सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात, रेघांची लांबी ओळखायची आणि बाकी सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देतात. साधारण एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांसमोर दिसत असूनही चुकीच्या बहुमताबरोबर गेली. पण मला उपयोगी वाटतो तो त्यातला दुसरा भाग, तिथे एकच माणूस जरी बरोबर उत्तर देणारा सोबत असला तरी हे प्रमाण एकदम खाली आलं. म्हणून ज्यांचं मत वेगळं आहे अशा दोघांना एकाच गटात बसवा. एकटा पाडू नका.

आयडिया लवकर आटत असतील तर

वीस मिनिटांनी सगळे पेन खाली ठेवतात आणि वर्कशॉप घेणाऱ्याला वाटतं संपलं. संपलेलं नसतं. ब्रायन लुकास आणि लॉरन नॉर्डग्रेन यांचा २०२० चा अभ्यास नेमका यावरच आहे: लोकांना वाटतं की वेळ जाईल तशा आपल्या आयडियांमधली कल्पकता घसरत जाते, प्रत्यक्षात ती टिकून राहते किंवा वाढते. सुरुवातीला येतं ते सगळ्यांना सुचणारं असतं, ते एकदा बाहेर पडायला हवं. मी सरळ सांगून टाकते की पहिली फेरी झाली, आता ब्रेक, आणि परत आल्यावर त्याच प्रश्नावर दुसरी फेरी होणार आहे. आधीच सांगितलं की लोक कुरकुरत नाहीत.

दुसरं कारण आपणच दिलेलं उदाहरण. समजावं म्हणून आपण एखादा नमुना दाखवतो आणि मग सगळे त्याचीच भावंडं काढतात. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्ये इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांवर हे तपासलं होतं, न सांडणाऱ्या कपाचं डिझाइन करायला दिलं, नमुन्यात स्ट्रॉ होता, आणि स्ट्रॉ वापरू नका असं स्पष्ट सांगूनही नमुना बघितलेल्यांच्या चित्रांत स्ट्रॉ येत राहिला. त्यामुळे उदाहरण द्यायचंच असेल तर पूर्ण वेगळ्या क्षेत्रातलं द्या.

मतदानात सपक आयडियाच जिंकत असतील तर

इथे आधी बघा चिठ्ठ्यांचे गट कसे पाडलेत. घाईघाईत आठ वेगवेगळ्या चिठ्ठ्या एका ढिगात टाकायच्या आणि वर ‘ट्रेनिंग’ असा एक शब्द चिकटवायचा, की त्यातली एकुलती एक धारदार चिठ्ठी तिथेच मेली. ढिगाला नाव एका शब्दात द्यायचं नाही, क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य लिहायचं: ‘नवीन माणसाला पहिल्या दिवशी खरं काम करायला द्यावं’. वाक्य जमत नसेल तर तो ढीग एक नाहीच, तोडा.

मग ठिपके, म्हणजे आवडलेल्या चिठ्ठीवर मत म्हणून चिकटवायचे ते. सगळे एकाच वेळी उठून ठिपके लावायला गेले की ज्या चिठ्ठीला आधीच चार पडलेत तिलाच पाचवा पडतो. म्हणून प्रत्येकाने आधी आपल्या कागदावर तीन चिठ्ठ्यांचे नंबर लिहून ठेवायचे, मगच उठायचं, आणि नंतर बदलायचं नाही. शिवाय मी दोन मतदानं घेते, एक ‘लगेच करता येईल’ यासाठी आणि दुसरं ‘जमेल की नाही माहीत नाही पण झालं तर मोठं होईल’ यासाठी, दोन्हींतून प्रत्येकी एक आयडिया पुढे जाते. एकच मतदान घेतलं तर सोपी आयडिया जिंकणारच, लोक भित्रे आहेत म्हणून नाही, त्यांना आपण एकाच मतात दोन प्रश्न विचारतोय म्हणून.

निम्मे लोक खोलीत आणि निम्मे ऑनलाइन असतील तर एकच नियम: सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवर, खोलीत बसलेल्यांनीसुद्धा. भिंत आणि स्क्रीन दोन्ही चालवायला गेलं की ऑनलाइनवाले प्रेक्षक होतात.

आणि सगळं होऊनही पुढे काहीच होत नसेल तर

खरा बिघाड बहुतेक वेळा इथे असतो आणि तो वर्कशॉपच्या आधीच झालेला असतो. तारीख ठरवायच्या आधी वरच्यांना एक प्रश्न विचारा: जी आयडिया निवडली जाईल तिच्यावर काम करायला कुणाला, आठवड्याला किती तास आणि किती आठवडे मिळणार आहेत? उत्तर ‘आधी आयडिया तर येऊ देत, मग बघू’ असं आलं तर माझं स्पष्ट मत आहे की वर्कशॉप घेऊ नका. दोन माणसं, आठवड्यातले चार तास, तीन आठवडे, एवढं जरी मिळालं तरी पुरतं. शून्य तास असतील तर तुम्ही बारा जणांकडून मनापासून काहीतरी काढून घेताय आणि त्याचं काही करणार नाही आहात हे तुम्हाला आधीच माहितीये, आणि पुढच्या वेळी ते लोक रिकामं हसून रिकामी चिठ्ठी लावतील, ते बरोबरच आहे त्यांचं. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर जे मांडलं, की बोलायचा धोका पत्करणं इथे चालतं हा टीमचा एकत्र विश्वास, तो लोक भिंतीवरच्या नियमांवरून बनवत नाहीत. मागच्या वेळी बोललेल्याचं काय झालं ते ते बघतात.

तास कबूल झाले की मग वर्कशॉपमधला शेवटचा पूर्ण एक तास फक्त पुढच्या कामासाठी राखून ठेवा. चार तासांचं असेल तरी एक तास. मला हा तास कापायचा मोह अनेकदा झालाय, कारण आयडियांची चर्चा रंगात असते, पण कापला की फोटोशिवाय काही हातात उरत नाही. या तासात निवडलेल्या आयडियेला एका माणसाचं नाव लागतं, ‘टीम’ असं नाव चालत नाही, दोघांचंही नको. मग दहा दिवसांत करता येईल अशी सगळ्यात छोटी चाचणी कुठली ते ठरवायचं, पूर्ण आयडिया नाही, फक्त तिच्यातली सगळ्यात कच्ची गोष्ट तपासायची. आणि काय दिसलं तर आपण ही आयडिया सोडून देऊ हे तेव्हाच लिहून ठेवायचं, नंतर कुणालाच सोडवत नाही.

वेळ उरला तर गॅरी क्लाइन यांची प्रीमॉर्टेम पद्धत वापरा: तीन महिने झालेत आणि ही आयडिया पूर्ण फसलीये असं समजा, का फसली ते प्रत्येकाने लिहा. ‘फसेल का’ असं विचारलं तर लोक संकोचतात, ‘फसलीये’ म्हटलं की भराभर लिहितात. यात जवळपास दर वेळी एक वाक्य येतं, ‘दुसऱ्या टीमने परवानगीच दिली नाही’. ते आलं की त्या दुसऱ्या टीमच्या माणसाला त्याच दिवशी मेसेज करा, थांबू नका.

ज्यांच्या आयडिया निवडल्या गेल्या नाहीत त्यांना एका आठवड्यात कळवा, प्रत्येकाला एक ओळ, का नाही ते. हे मी बरीच वर्षं करत नव्हते आणि सुरू केल्यावर पुढच्या वर्कशॉपला लिहिणाऱ्यांची संख्या वाढली, ती बाकी कुठल्याही युक्तीने वाढली नव्हती.

कधी कधी वर्कशॉप हा उपायच नसतो. निर्णय वर आधीच झालाय आणि लोकांना फक्त सामील झाल्यासारखं वाटायला हवंय, किंवा टीममधल्या दोघांचं पटत नाही आणि ते आयडियांच्या नावाखाली मिटेल अशी आशा आहे, तर नको. तिथे सरळ निर्णय सांगा, किंवा त्या दोघांशी बोला.

तुमचं वर्कशॉप उद्याच असेल आणि यातलं काहीच झालेलं नसेल तर आज संध्याकाळी मॅनेजरना गाठा, तासांचं विचारा आणि शेवटी बोलायचं सांगा. उद्या सकाळी पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांना गप्प बसून लिहू द्या, आणि घड्याळात शेवटचा एक तास उरला की चर्चा कितीही रंगलेली असली तरी थांबवून विचारा, ‘हे कोण करणार आणि कधीपर्यंत?’ कुणीच हात वर केला नाही तर तेही फोटोखाली तसंच लिहून ठेवा आणि मॅनेजरना दाखवा.